यजमान नसलेली खोली

तालुक्याच्या गावी वाचनालयाचा विषय निघाला की पहिले वाक्य ठरलेले असते: ‘आता वाचतंय कोण?’ मग मोबाइलला दोष, नव्या पिढीला बोल आणि शेवटी एक सुस्कारा. वाचनसंस्कृती लोपली म्हणून वाचनालये ओस पडली, हे आपण इतक्यांदा ऐकले आहे की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. मला हे मत उथळ वाटते आणि घातकही. त्यात कार्यकारणाचा क्रम उलटा लागला आहे, म्हणून उथळ. नगरपालिका, ग्रामपंचायत आणि शासन या तिघांनाही त्याच्या आधारे हात झटकता येतात, म्हणून घातक.

माझे म्हणणे असे. सार्वजनिक वाचनालय ही आधी बसायची जागा आहे, पुस्तकांचा साठा त्यानंतर. तालुक्याच्या समाजजीवनात त्याचे मोल एवढ्यासाठी की तिथे कुणीही, कुणाचाही पाहुणा न होता, काहीही विकत न घेता, जात-भावकी-पक्ष न सांगता बसू शकतो. ही जागा आपण कधी धड बांधली नाही. जिथे बांधली तिथे उघडी ठेवली नाही. आणि आता तिथे कुणी येत नाही म्हणून लोकांनाच नावे ठेवतो. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांचा दाखला घेऊन हे मांडतो, कारण इथे पैसा, संस्था आणि शिक्षण यांची वानवा आहे असे कुणीच म्हणणार नाही.

१. रिकाम्या खुर्चीचा पुरावा

‘लोक येत नाहीत’ हा पुरावा म्हणून मांडताना एक साधा प्रश्न राहून जातो: लोक कुठे येत नाहीत? संध्याकाळी दोन-तीन तास उघडणाऱ्या, एका खोलीच्या वाचनालयात. कपाटांनी तीन भिंती अडवलेल्या, मधोमध एक लांब टेबल, त्यावर वर्तमानपत्रे. एकच अंक पानापानांनी सुटा होऊन चौघांच्या हातात फिरतो, पुरवणी कुणाकडे गेली म्हणून शोधाशोध होते. बाईमाणसाने त्या टेबलाशी बसावे अशी सोय नाही. स्वच्छतागृह नाही, किंवा आहे पण त्याला कुलूप आहे. पिण्याचे पाणी घरूनच आणायचे. पुस्तक हवे तर कपाटाची किल्ली ग्रंथपालाकडे, आणि ग्रंथपाल दुसरी नोकरी सांभाळून येणार. एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला जाणारा कामगार, दुपारीच काय ती मोकळी असणारी गृहिणी, पाचच्या एसटीने गावी परतणारी कॉलेजची मुलगी यांच्यापैकी कुणाच्याही वेळेला ते दार उघडे नसते. तरीही खोली रिकामी दिसली की निष्कर्ष एकच निघतो: वाचनाची गोडी गेली.

२. अभ्यासिका काय सिद्ध करते

या निष्कर्षाला खोटे पाडणारा पुरावा त्याच गावात, दोन गल्ल्या सोडून असतो. बारामतीत, इंदापुरात खासगी अभ्यासिका उभ्या आहेत. एका हॉलमध्ये प्लायवूडच्या आडव्या-उभ्या फळ्या लावून केलेले खण, प्रत्येक खणाला क्रमांक, एक खुर्ची, एक ट्यूबलाइट, मोबाइलसाठी प्लग. भिंतीला चिकटवलेले वेळापत्रक आणि फळीवर स्वतःच्या हाताने लिहिलेले पद: पीएसआय, एसटीआय, तलाठी. या खणासाठी मुले-मुली दरमहा फी भरतात. ज्यांचे वडील दोन-अडीच एकरांच्या उसावर घर चालवतात तेही भरतात.

म्हणजे मागणी आहे, आणि ती इतकी तीव्र आहे की एका खुर्चीचे भाडे द्यायला माणसे तयार आहेत. घरात दोन खोल्या, त्यात टीव्ही, आजारी आजी, लहान भावंडे. बसायचे कुठे हा त्यांचा पहिला प्रश्न आहे. पुस्तक कोणते हा त्यानंतरचा. सार्वजनिक वाचनालयाने सोडवायचा प्रश्न खासगी भाडेपट्टीवर गेला आणि आपल्याला त्याची खंतही वाटली नाही.

यावर कुणी म्हणेल की हे खरे वाचन नव्हे, ही परीक्षेची घोकंपट्टी. हा भेद करण्यात थोडा अहंकार आहे. ज्या मुलाला आज राज्यघटनेची कलमे पाठ करायची आहेत, त्याच्या शेजारी कथा-कादंबऱ्यांचे, चरित्रांचे उघडे कपाट असेल तर कंटाळ्याच्या एखाद्या दुपारी त्याचा हात तिकडे जाईल. प्लायवूडच्या खणात तो जाऊच शकत नाही, तिथे दुसरे पुस्तकच नसते. परीक्षेत यश न मिळालेली मुले अभ्यासिका सोडून जातात तेव्हा त्यांना परत यायला कोणतीच जागा उरत नाही. सार्वजनिक वाचनालय निकाल विचारत नाही. अपयशी माणसालाही तिथे खुर्ची असते, आणि आजच्या ग्रामीण तरुणाच्या आयुष्यात ही किती मोठी गोष्ट आहे ते त्या घरांतल्या आई-वडिलांना विचारावे.

३. प्रत्येक जागेला यजमान आहे

आता मुख्य मुद्दा. तालुक्यात बसायला जागा कमी नाहीत. देवळाचा सभामंडप आहे, पार आहे, तालीम आहे, समाजमंदिर आहे, गणपती मंडळाची शेड आहे, दूध डेअरीचा कट्टा आहे, चहाची टपरी आहे, मंगल कार्यालये तर मुबलक आहेत. पण यांपैकी प्रत्येक जागेला यजमान आहे. पारावर पुरुष बसतात आणि तेही ठरलेले. समाजमंदिर बहुधा एका समाजाचे. मंडळाच्या शेडमध्ये मंडळाचा माणूस, आणि मंडळाच्या मागे कोण हे गावाला माहीत. टपरीवर चहा संपला की उठावे लागते. बचत गटाची बैठक कुणाच्या तरी ओसरीवर, म्हणजे त्या घराच्या सुनेने चहा ठेवायचा आणि त्या घरातल्या माणसांनी परवानगी द्यायची. वीस वर्षांची मुलगी गावात तासभर एकटी, कुणी काही न विचारता, कुठे बसू शकते? या प्रश्नाचे उत्तर बहुतेक गावांत ‘कुठेच नाही’ असे आहे.

बारामतीला ही गोष्ट इतिहासातूनही कळायला हवी. मोरोपंत (१७२९–१७९४) पन्हाळ्याचे, पण त्यांचे लेखन बहरले ते कऱ्हेकाठच्या या गावात, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने. बाबूजींच्या आश्रयाचे ऋण मराठी कवितेवर आहेच. पण त्या व्यवस्थेत विद्येला वाडा लागत असे आणि वाड्याला धनी. पोथी कुणाच्या घरी आहे, तो दाखवील का, आपल्याला उंबऱ्याच्या आत घेईल का, यावर ज्ञान अवलंबून होते. ज्यांना उंबऱ्याबाहेरच राहावे लागे त्यांची संख्या गावाच्या निम्म्याहून अधिक असे.

एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी (१८२८), नाशिक (१८४०), पुणे (१८४८) इथे वाचनालये निघाली, तेव्हाचा मोठा बदल हाच होता. पुस्तक धन्याच्या वाड्यातून निघून संस्थेच्या खोलीत आले. पुण्याच्या त्या ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’मागे लोकहितवादींचा पुढाकार होता. आरंभीच्या या संस्था वर्गणीदारांच्या, शिकलेल्या पुरुषांच्या होत्या, हे खरे. तरी दिशा ठरली होती: वाचणाऱ्याने कुणाचा आश्रित असू नये. पावणेदोनशे वर्षांनी आपण त्या दिशेने किती चाललो? तालुक्यातली सार्वजनिक जागा आजही कुणाच्या तरी कृपेने मिळते. नाव बदलले, आश्रय राहिलाच.

४. कायद्याने काय मोजले

हे असे का झाले याचे एक उत्तर कायद्यात आहे. ‘महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७’ हा पुरोगामी म्हणून गौरवला जातो, आणि त्याने राज्यभर ग्रंथालयांचे जाळे उभे केले हे नाकारता येणार नाही. अकरा-बारा हजार मान्यताप्राप्त ग्रंथालये ही छोटी गोष्ट नव्हे. पण या कायद्याने दोन निवडी केल्या, ज्यांचे परिणाम आपण आज भोगतो.

पहिली निवड कराची. मद्रास प्रांताने १९४८ मध्ये, कर्नाटकाने १९६५ मध्ये ग्रंथालयासाठी स्थानिक उपकराची तरतूद केली. केरळने १९८९ च्या कायद्यात तेच केले. महाराष्ट्राने उपकर टाळला आणि शासकीय अनुदानाची वाट धरली. नगरपालिकेचे घरपट्टीचे बिल हातात घेऊन पाहा: शिक्षण कर आहे, वृक्ष कर आहे, रोजगार हमी कर आहे, ग्रंथालयाचे नाव कुठेच नाही. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात ग्रंथालय हे ऐच्छिक कामांत मोडते. जे ऐच्छिक ते अंदाजपत्रकात सर्वांत शेवटी येते आणि सर्वांत आधी कापले जाते.

दुसरी निवड मोजमापाची. शासनाने ग्रंथालये स्वतः चालवण्याऐवजी नोंदणीकृत संस्थांना मान्यता देऊन अनुदान द्यायचे ठरवले. अ, ब, क, ड असे वर्ग पडले, आणि वर्ग ठरतो तो मुख्यतः ग्रंथसंख्या, नियतकालिके आणि सभासदसंख्या यांवर. तपासणीला अधिकारी आले की दाखल नोंदवही, देवघेव नोंदवही, वर्गणीच्या पावत्या पाहतात. दिवसभरात किती माणसे येऊन बसली, त्यांत स्त्रिया किती, खुर्च्या पुरल्या का, हे वर्ग ठरवताना फारसे कामाचे नसते. साहजिकच संस्था ज्याची मोजणी होते तेच वाढवतात. पुस्तके वाढतात, कपाटे वाढतात आणि बसायची जागा आक्रसत जाते.

२०१२ च्या राज्यव्यापी पडताळणीने तर बऱ्याच वर्षांसाठी नवी मान्यता आणि वर्गवाढ दोन्ही थांबवल्या. कागदोपत्री चालणारी ग्रंथालये उघडकीस आली हे चांगलेच झाले, पण त्यांच्या पापाची शिक्षा प्रामाणिक संस्थांना आणि ज्या गावांत ग्रंथालयच नव्हते त्या गावांना मिळाली. आणि अनुदान किती? ड वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला मिळणारी रक्कम एखाद्या सरकारी शिपायाच्या दोन-तीन महिन्यांच्या पगाराएवढी. त्यातूनच ग्रंथपालाचे मानधन, पुस्तके, वीजबिल, वर्तमानपत्रे. ज्याला आपण ग्रंथपाल म्हणतो तो माणूस किती पैशांत दार उघडतो हे एकदा समजून घेतले की त्याच्या तीन तासांबद्दल तक्रार करायला जीभ रेटत नाही.

५. उद्‌घाटनानंतरचे कुलूप

मग इमारत बांधा, असे उत्तर येते. इमारत बांधणे सोपे आहे, आणि तिथेच अडचण आहे.

खासदार निधीतून, आमदार निधीतून भिंती उभ्या राहतात. पण हे निधी कायमस्वरूपी मत्तेसाठी असतात. त्यातून पगार देता येत नाही, दरमहाचा खर्च भागत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतीला जो अबंधित निधी दिला त्यातूनही पगार आणि आस्थापना खर्च करायला मनाई होती. म्हणजे इमारतीला पैसा आहे, ती उघडणाऱ्या माणसाला नाही. कोनशिला बसते, फीत कापली जाते, फोटो छापून येतो. पुढच्या पावसाळ्यात छत गळते आणि दाराला कुलूप लागते. यात कुणाचा दुष्टपणा नाही, निधीच्या नियमांचीच ही रचना आहे. म्हणून कितीही चांगला लोकप्रतिनिधी आला तरी हे पुन्हा पुन्हा घडते.

जगाने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. अँड्र्यू कार्नेगीने १८८३ पासून जगभर २,५०९ ग्रंथालयांना पैसा दिला. त्याची अट अशी: जागा गावाने द्यायची आणि इमारतीच्या किमतीच्या दहा टक्के इतकी रक्कम दर वर्षी, कायम, करातून खर्च करायची. जे गाव हे कबूल करणार नाही त्याला इमारत नाही. दानशूर माणसाने घातलेली ही अट त्याच्या दानापेक्षा अधिक मोलाची होती, कारण तिने गावाला मालक केले. आपल्या जवळचा दाखला बडोद्याचा. सयाजीराव गायकवाडांनी १९१० च्या सुमारास विल्यम बोर्डन यांना अमेरिकेतून आणून संस्थानभर ग्रंथालयांची साखळी उभी केली. तिचे सूत्र होते खर्चाची वाटणी: काही गावाने, काही प्रांताने, काही दरबाराने. राजा असूनही सगळे आपणच द्यावे हा मोह त्यांनी टाळला.

बारामती-इंदापूरला ही वाटणी नवी नाही. नीरा डावा कालवा १८८५ पासून या दोन तालुक्यांना पाणी देतो आणि त्याच पाण्यावर इथे सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली. ऊसबिलातून टनामागे काही कपात होऊन त्यातून परिसराचा विकास व्हावा ही कल्पना इथल्या शेतकऱ्याला माहीत आहे, भाग विकास निधी हा शब्द त्याच्या तोंडी आहे. हंगामात दहा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्यात टनाला एक रुपया म्हणजे वर्षाला दहा लाख रुपये. दहा गावांत पूर्णवेळ दार उघडणारा एकेक माणूस ठेवायला सुरुवात त्यातून नक्की होऊ शकते. मात्र अट कार्नेगीचीच हवी: पैसा चालवण्यासाठी, भिंतींसाठी नव्हे. भिंती आपल्याकडे आहेत. अनेक गावांत समाजमंदिर, जुनी शाळा, पंचायतीचा हॉल रिकामा पडून आहे.

६. खोलीच्या आत काय असावे

‘शांतता राखा’ ही पाटी ग्रंथालयाची ओळख होऊन बसली आहे. ज्याला अभ्यास करायचा आहे त्याला शांतता हवीच. पण गावाला बोलायलाही जागा हवी. म्हणून किमान दोन खोल्या: एक शांततेची, एक आवाजाची. दुसरीत लहान मुलांना गोष्ट वाचून दाखवता येते, बचत गट हिशेब लिहू शकतो, सातबाऱ्याचा किंवा पीक विम्याचा अर्ज कुणी समजावून सांगू शकतो. केरळमधल्या ग्रंथालयांत मुलांसाठी बालवेदी आणि स्त्रियांसाठी वनितावेदी असतात. तिथे ग्रंथालय गावाचे चर्चापीठ बनले ते अशा खोलीमुळे. बाहेर व्हरांडा हवा, म्हणजे वर्तमानपत्र वाचणाऱ्या ज्येष्ठांना आत यायचा संकोच नको आणि मुलींना त्यांच्यासमोरून जायचा संकोच नको. आणि स्त्रियांसाठी स्वच्छ, उघडे स्वच्छतागृह. वाचनसंस्कृतीवरच्या भाषणांत याचा उल्लेख कधी ऐकला नाही, पण कोणती बाई तिथे दोन तास बसेल हे ठरते ते यावर.

इंदापूरच्या वाचनालयाला आणखी एक काम आहे, जे पुण्या-मुंबईचे कोणतेही ग्रंथालय त्याच्यासाठी करणार नाही. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमाकाठची गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने देऊळ पाणी ओसरले की वर येते आणि लोक ते पाहायला जातात. देऊळ पाहायला मिळते, गाव मिळत नाही. जुन्या गावठाणाचे नकाशे, पुनर्वसनाचे आदेश, भूसंपादनाच्या नोटिसा, लग्नपत्रिका, शाळेचे गटफोटो हे सगळे घराघरांतल्या ट्रंकांत पडून आहे आणि ज्यांना ते वाचता येते ती पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. हे कागद एका ठिकाणी जमवून, त्यांची यादी करून, कुणालाही पाहता येतील असे ठेवणे हे सार्वजनिक ग्रंथालयाचेच काम. छापील पुस्तक मागवता येते. हे कागद एकदा गेले की गेले. तालुक्याच्या ग्रंथालयाने आपल्या अनुदानातला काही भाग कादंबऱ्यांऐवजी या संग्रहावर खर्च केला तर मी त्याला शंभर टक्के पाठिंबा देईन.

७. तीन आक्षेप

*सगळे मोबाइलवर मिळते.* माहिती मिळते, जागा मिळत नाही. उलट मोबाइलने एकटेपणा वाढवला असेल तर एकत्र बसायची खोली अधिक गरजेची ठरते. शिवाय अनेक घरांत मोबाइल एकच असतो आणि तो वडिलांच्या खिशात असतो.

*राजकारण शिरेल.* हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. या दोन तालुक्यांत राजकारण नाही अशी संस्था शोधून सापडणार नाही आणि ग्रंथालय त्याला अपवाद राहील असे मानणे भाबडेपणा ठरेल. उपाय इतकाच की ताबा घेण्याजोगे तिथे काही ठेवू नये. खोली भाड्याने द्यायची नाही. भिंतीवर हयात पुढाऱ्याचा फोटो लावायचा नाही. सर्व पक्षांची वर्तमानपत्रे टेबलावर असतील. समितीत निम्म्या स्त्रिया आणि किमान दोन विद्यार्थी असतील. आणि वर्षाचा जमाखर्च दारावर चिकटवलेला असेल. हे नियम लिहून, ग्रामसभेत वाचून मंजूर केले तर मोडणाऱ्याला निदान चारचौघांत मोडावे लागेल.

*आधी रस्ते, पाणी, मग वाचनालय.* हा क्रम मान्य करणाऱ्या गावांत रस्ते कधी पूर्ण होतात? गरजांची रांग लावली की ग्रंथालयाची पाळी येतच नाही. आणि ज्या तालुक्यांत कालवा, धरण, कारखाने, एमआयडीसी, महाविद्यालये आहेत तिथे हे वाक्य शोभतही नाही. कर्नाटकाने २०१९ मध्ये पाच हजारांहून अधिक ग्रामपंचायत ग्रंथालये ग्रामविकास खात्याकडे सोपवून त्यांना नव्याने उभे करायला घेतले. ते आपल्याहून श्रीमंत राज्य म्हणून नव्हे. गावाच्या प्रशासनाचा तो भाग आहे असे त्यांनी मानले म्हणून.

८. सुरुवात कुठून

बारामती आणि इंदापूर नगरपरिषदांनी पुढच्या अंदाजपत्रकात ग्रंथालयाला स्वतंत्र शीर्ष द्यावे, त्यात पहिली रक्कम वेतनाची असावी. तालुक्यातल्या मान्यताप्राप्त ग्रंथालयांनी एक नोंदवही नव्याने सुरू करावी: आज किती माणसे आली, किती वेळ बसली, त्यांत स्त्रिया किती. सहा महिन्यांनी ती नोंदवही घेऊन राज्याच्या ग्रंथालय संचालनालयाकडे जावे आणि वर्ग ठरवताना हा आकडा धरा अशी मागणी करावी. वेळ सकाळी सात ते रात्री नऊ हवी, दोन पाळ्यांत. उन्हाळ्याच्या दुपारी दार बंद ठेवू नये, कारण स्त्रियांना मोकळा वेळ मिळतो तो तेव्हाच. आणि ऊसतोडणीच्या हंगामात, नोव्हेंबर ते मार्च, बीडहून आलेल्या टोळ्यांची मुले कोप्यांच्या आसपास फिरत असतात. त्यांना सभासद करून घेताना रहिवासाचा दाखला मागू नये.